विणीचं कापड, घरचं मशीन

टी-शर्टचं कापड घरच्या मशीनवर शिवता येत नाही, ही समजूत आपल्याकडच्या बऱ्याच शिवणक्लासांत आजही पक्की आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, कळ्यांचा परकर, लहान मुलीचा फ्रॉक एवढं झालं की अभ्यासक्रम संपतो. होजिअरीचं नाव काढलं की बाई म्हणतात, "ते कारखान्याचं काम, त्याच्या नादी लागू नका." मी गेली काही वर्षं ऑफिसला घालायचे ड्रेस याच कापडाचे, घरच्या झिगझॅग मशीनवर शिवते. त्यातूनच हे कापड घरगुती शिवणकामात कधी आलं आणि कुणी आणलं, हे शोधायची ओढ लागली. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा हिशोब मांडला तर श्रेय मोठ्या फॅशनवाल्यांपेक्षा शिकवणाऱ्या बायकांना जास्त जातं, अशी माझी खात्री झाली आहे.

सुरुवात अर्थात फॅशनच्या दुनियेतच झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कापडाची टंचाई असताना कोको शनेलने रोडिए या उत्पादकाकडची जर्सी उचलली. पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचं म्हणून ओळखलं जाणारं ते कापड. तिने त्याचे बायकांसाठी सैलसर, चालता-बसता न अडणारे पोशाख केले. पुढे अमेरिकेत क्लेअर मॅकार्डेलने तीस आणि चाळीसच्या दशकांत लोकरी जर्सीचे साधे ड्रेस केले, त्यांना खिसे दिले. तिचे कपडे कामाला जाणाऱ्या बाईसाठी होते आणि ते पाहताना आजही जाणवतं की शिवणारीला अंगाची कदर होती. पण हे सगळं तयार कपड्यांचं झालं. घरी शिवणारीच्या हाती जर्सी यायला साठचं दशक उजाडावं लागलं.

अडचण समजण्यासारखी आहे. विणलेलं कापड दोन प्रकारचं. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ते फारसं ताणलं जात नाही. जर्सीत एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. ओढलं की फास पसरतात, सोडलं की जागेवर येतात. अशा कापडावर साधी सरळ टीप मारली की कापड ताणतं, दोरा ताणत नाही, आणि बसताक्षणी शिवण तटकन तुटते. टोकदार सुई फासाचा धागाच कापते, मग भोकं पडतात किंवा टाके सुटतात. कडा गुंडाळल्या जातात ते वेगळंच. या सगळ्यामुळे गृहिणींनी त्याला हात लावला नाही, यात त्यांचा काही दोष नव्हता.

ही कोंडी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या अ‍ॅन पर्सन या बाईंनी फोडली. साठच्या दशकात त्या आसपासच्या बायकांना विणीचं कापड शिवायला शिकवू लागल्या. त्यांची युक्ती इतकी साधी की आश्चर्य वाटतं: मशीनच्या पायाच्या पुढून आणि मागून कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून धरायचं आणि सरळच टीप मारायची. हात सोडला की कापड आखडतं आणि टिपेत थोडा जास्तीचा दोरा शिल्लक राहतो. पुढे अंगात घातल्यावर कापड ताणलं गेलं तर तो दोरा कामी येतो. या युक्तीवरून त्यांच्या संस्थेचं नावच 'स्ट्रेच अँड स्यू' पडलं, आणि तिच्या शाखा देशभर निघाल्या. दुकानात कापड, शेजारच्या खोलीत वर्ग, अशी ती रचना होती. बाई कापड घेऊन बाहेर पडायची ती शिवायचं कसं हे शिकूनच.

त्याच सुमारास मूळच्या स्वीडनच्या कर्स्टिन मार्टेन्सन यांनी मिनियापोलिसमध्ये 'क्विक स्यू' हे नमुन्यांचं प्रकाशन सुरू केलं. त्यांचे कागदी नमुने जाड पांढऱ्या कागदावर असत आणि शिवणीची माया पाव इंच. ही पाव इंचाची गोष्ट लहान दिसते, पण माझ्या मते त्या काळातली ती मोठी सुधारणा होती. इतर नमुन्यांत पाच अष्टमांश इंच माया सोडलेली असे. जर्सीत एवढी माया म्हणजे आत गुंडाळलेला, बाहेरून उठून दिसणारा वळ. पाव इंचावर एक टीप आणि तिच्या शेजारी दुसरी मारली की शिवण सपाट बसते. हे कागदावरच छापलेलं मिळाल्यामुळे हजारो बायकांचा घोळ वाचला.

मग सत्तरचं दशक आलं. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण १९७० साली ४३ टक्क्यांच्या आसपास होतं, १९८० साली ते ५१ टक्क्यांवर गेलं. त्यांना सकाळी पटकन अंगात चढवता येईल, गाडीत-ट्रेनमध्ये बसून चुरगळणार नाही आणि मीटिंगमध्ये शोभेल असं काहीतरी हवं होतं. १९७४ साली डायान फॉन फर्स्टेनबर्गने तो प्रसिद्ध गुंडाळायचा जर्सी ड्रेस आणला. ना चेन, ना बटण. एक पल्ला दुसऱ्यावर घ्यायचा आणि कंबरेशी बांधायचा. १९७६पर्यंत असे दहा लाखांहून जास्त ड्रेस विकले गेले आणि तिचा फोटो 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर आला. 'व्होग पॅटर्न्स'ने तिचे नमुने घरी शिवणाऱ्यांसाठी काढले, आणि ते शिवून बघायला लागणारी हातोटी 'स्ट्रेच अँड स्यू'च्या वर्गांतून आधीच तयार झाली होती. तो ड्रेस एवढ्या घरांत शिवला गेला, यात त्या वर्गांचा वाटा आहे असं मी मानते.

तीनच वर्षांत वारं फिरलं. १९७७ साली जॉन मॉलॉय यांचं बायकांनी यशस्वी दिसण्यासाठी काय घालावं हे सांगणारं पुस्तक आलं आणि त्यांनी स्कर्ट-जाकिटाच्या सुटाचा आग्रह धरला. ऑफिसातली बाई पुन्हा कडक कापडात गेली. दुसरीकडे पॉलिएस्टर डबल निटने विणीच्या कापडाची पत घालवली. ते धुवायला सोपं आणि टिकायला चिवट होतं, पण घाम शोषत नसे आणि अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहत असे. एका वाईट कापडापायी सगळ्या जातीला नावं ठेवली गेली, हे अन्यायाचं झालं.

ऐंशीच्या दशकात विणीचं कापड तगलं ते पुन्हा शिकवणाऱ्यांमुळेच. विस्कॉन्सिनच्या नॅन्सी झीमन यांचा 'स्यूइंग विथ नॅन्सी' हा दूरदर्शन कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि २०१७पर्यंत चालला. फिटिंगसाठी नमुना कापून तुकडे करण्याऐवजी तो कागदावर सरकवून आणि एका बिंदूवर फिरवून मोठा-लहान करायची त्यांची रीत होती. नमुना शाबूत राहतो, मुंढ्याची लांबी बदलत नाही, त्यामुळे बाही बसतेच. याच काळात ओव्हरलॉक मशीन घरगुती आकारात लोकांच्या आवाक्यात आलं. मूळ ओव्हरलॉक कनेक्टिकटच्या मेरो कंपनीचं, १८८१ सालचं. म्हणजे कारखान्यातून घरात यायला त्याला जवळजवळ शतक लागलं.

नव्वदीत स्वस्त तयार कपड्यांनी घरगुती शिवण मागे पडली, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. नंतरची भरती मात्र मनापासून आनंद देणारी आहे. २०१३ साली बीबीसीवर 'द ग्रेट ब्रिटिश स्यूइंग बी' ही शिवणस्पर्धा सुरू झाली. २०१४मध्ये 'कोलेट' या नमुन्यांच्या कंपनीचा 'मोनेटा' हा नमुना आला: जर्सीचा, कंबरेशी चुण्या घातलेला, खिसेवाला ड्रेस. २०१५ साली बॉस्टनच्या जेनी रशमोर यांनी 'कॅशमरेट' या नावाने पहिला नमुना काढला, 'अ‍ॅपलटन', तोही गुंडाळायचा जर्सी ड्रेसच. त्यात छातीच्या मापाबरोबर कपची मापंही वेगळी दिली होती. मला ही घटना १९७४च्या ड्रेसइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे झारापकर पद्धतीने शिकलेल्या कुणालाही ठाऊक आहे की छातीच्या मापावरून मुंढा, तिरा, पाठ असा सगळा मसुदा निघतो. हिशोब चोख, पण छातीघेर ३८ असलेल्या दोन बायकांपैकी एकीची पाठ रुंद असते आणि दुसरीची छाती भरीव. दोघींना एकच मसुदा लावला तर दुसरीचा खांदा ओघळतो. कपचं माप वेगळं दिलं की ही भानगड मुळातच सुटते.

जर्सी ताणते, मग फिटिंग कशाला, असं विचारणारे भेटतात. ताणलं गेलेलं कापड अंगात बसतं खरं, पण कुठे ताणलंय ते चारचौघांत दाखवतंही. काखेपासून छातीकडे जाणाऱ्या आडव्या ओढी दिसल्या तर समोरच्या भागात छातीसाठी जागा कमी आहे असं समजायचं. फक्त रुंदी वाढवून भागत नाही, समोरची लांबीही वाढवावी लागते, नाहीतर पुढचा घेर वर चढतो. कंबरेच्या वर पाठीत कापडाचा झोळ जमला की सगळे पाठीचा दोष काढतात. आधी सीट तपासावी. ड्रेस सीटवर घट्ट असला की खाली उतरत नाही आणि उरलेलं कापड वर गोळा होतं. बाजूच्या टिपा सीटपाशी सैल केल्या की निम्मा झोळ आपोआप जातो. उरला तर मग पाठीच्या मध्यातून टाचण्यांनी आडवी चिमट घ्यायची आणि तेवढं नमुन्यातून कमी करायचं.

खांदा हा ड्रेसचा खुंटा. सगळा भार तिथे लटकतो, म्हणून तो ताणू द्यायचा नाही. खांद्याच्या शिवणीत सुती फीत किंवा पारदर्शक इलॅस्टिक बरोबर शिवायचं. कंबरेच्या शिवणीचंही तसंच. खालचा घेर जड असला की तो कंबर खाली ओढतो, त्यामुळे मागावरच्या कापडापेक्षा कंबर अर्धा ते एक इंच वर घ्यावी. खिसे दिले असतील तर त्यांची वरची कड कंबरेच्या शिवणीत अडकवायची, म्हणजे मोबाइल ठेवल्यावर बाजू लोंबत नाही. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेराच्या साधारण ८५ टक्के. घेर २४ इंच असेल तर पट्टी साडेवीसच्या आसपास. तेवढीच कापली तर गळा उभा राहतो, पुढे वाकल्यावर उघडा पडत नाही. ऑफिससाठी ही गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे. हेम घालायच्या आधी ड्रेस रात्रभर हँगरवर लटकवावा. जर्सी आपल्या वजनाने उतरते, आणि कुठे किती उतरली ते सकाळी कळतं.

कापडाची निवड करताना मी पाँटेला झुकतं माप देते. ते इंटरलॉकसारखं दुहेरी विणीचं, जरा भारदस्त, कडा न गुंडाळणारं असतं आणि शिवायला नवख्या हातालाही सोपं पडतं. एसी ऑफिससाठी ते उत्तम. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये मात्र सुती लायक्राच बरं. घेण्याआधी दुकानातच चार इंच कापड चिमटीत धरून ताणून बघावं. पाच इंचांपर्यंत सहज गेलं तर पंचवीस टक्के ताण आहे, ऑफिसच्या ड्रेसला तेवढा पुरतो. आणखी एक पाहायचं: सोडल्यावर ते परत चार इंचांवर येतं का? आलं नाही तर दुपारपर्यंत कोपरं आणि सीट लोंबणार. घरी आणलं की आधी धुवायचंच, सुती विण लांबीत आटते.

हे कापड आपल्यासाठी परकं अजिबात नाही. तमिळनाडूतलं तिरुपूर हे विणीच्या कपड्यांचं जगभर माहीत असलेलं केंद्र आहे, लुधियाना लोकरी होजिअरीसाठी प्रसिद्ध आहे. हे कापड किलोवरही मिळतं आणि ते आपल्या बाजारपेठांत येतं. आपल्या बायका लेगिंग्ज, टी-शर्ट, ताणणाऱ्या कुर्त्या रोज घालतात. फक्त शिवत नाहीत.

म्हणून शिवणक्लास चालवणाऱ्या बाईंना माझी एक विनंती आहे. ब्लाउज शिकवून झाल्यावर एक आठवडा विणीच्या कापडाला द्या. त्यासाठी ओव्हरलॉक लागत नाही, झिगझॅगही लागत नाही. अ‍ॅन पर्सन यांची ताणून धरायची रीत सरळ टीप मारणाऱ्या काळ्या पायमशीनवरही चालते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, मशीनच्या पायाचा दाब थोडा कमी करा, ताण हलका ठेवा, नाहीतर शिवण लाटेसारखी होते. गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई तेवढी नवी आणावी लागेल. पहिल्या दिवशी जुन्या टी-शर्टच्या तुकड्यांवर टिपा मारून घ्या, दुसऱ्या दिवशी गळ्याची पट्टी लावायला द्या, मग साध्या बाह्यांचा ड्रेस कापायला लावा. खांदा आधी, हेम शेवटी, एवढा क्रम मात्र मोडू देऊ नका.