वीस हजार पेशींचे एकमत

हॅमस्टर हा उंदरासारखा दिसणारा निशाचर प्राणी. पिंजऱ्यात चक्र ठेवले की अंधार पडताच त्यावर चढतो आणि पळत राहतो. कायमच्या अंधारात ठेवला तरी त्याचे पळणे साधारण चोवीस तासांनी पुन्हा सुरू होते. १९८८ मध्ये मार्टिन रॅल्फ आणि मायकेल मेनकर यांनी एका वेगळ्याच हॅमस्टरची नोंद प्रसिद्ध केली. जनुकातल्या बदलामुळे त्याचा दिवस आखूड होता. त्याच्या वंशात ज्यांना हा बदल आई-वडील दोघांकडून मिळाला, त्यांचा दिवस तर जेमतेम वीस तासांत संपे.

दोन वर्षांनी या प्राण्यांवर जो प्रयोग झाला, त्याच्याइतका स्वच्छ प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच सापडेल. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, पेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस हे त्यांचे नाव. ते नष्ट केले की प्राण्याची दिनचर्या विस्कटते, हे १९७२ पासून ठाऊक होते. रॅल्फ, मेनकर आणि सहकाऱ्यांनी अशा दिनचर्या हरवलेल्या हॅमस्टरच्या मेंदूत दुसऱ्याच्या पुंजक्याची ऊती बसवली. लय परतली, आणि परतली ती दात्याची! वीस तासवाल्याची ऊती मिळालेला प्राणी वीस तासांचा दिवस जगू लागला.

हा दिवस मोजला जातो पेशीच्या आत. क्लॉक आणि बीमॅल-वन ही प्रथिने पिरियड आणि क्रिप्टोक्रोम या जनुकांना कामाला लावतात. त्यांपासून बनणारी प्रथिने सावकाश साठतात, केंद्रकात शिरतात आणि क्लॉक-बीमॅलचेच काम थांबवतात. पुढे ती विघटित होतात, अडसर दूर होतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीला साधारण एक दिवस लागतो. विघटनाचा वेग ठरवण्यात एका एन्झाइमचा मोठा वाटा असतो. आखूड दिवसाच्या हॅमस्टरमध्ये बिघाड तिथेच होता, हे २००० मध्ये उलगडले. पिरियड जनुकाची पहिली चाहूल १९७१ मध्ये फळमाशीत लागली होती. फळमाशीतल्या या यंत्रणेच्या उलगड्यासाठी हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

मला मात्र याहून विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. उंदरात या दोन्ही पुंजक्यांत मिळून सुमारे २०,००० चेतापेशी असतात. १९९५ मध्ये डेव्हिड वेल्श आणि सहकाऱ्यांनी अशा पेशी बशीत सुट्या वाढवल्या, तेव्हा प्रत्येकीचा दिवस वेगळा निघाला. काहींचा बावीस तासांहून लहान, काहींचा पंचवीसहून मोठा. नेमकेपणा एकेका पेशीत नव्हताच. मेंदूत त्या एकमेकींचे ऐकतात, भजनातले टाळकरी एकमेकांच्या टाळाकडे कान ठेवून ठेका धरतात तसे. हे ऐकणे बऱ्याच अंशी व्हीआयपी नावाच्या पेप्टाइडमुळे घडते. ते नसलेल्या उंदरांत कित्येक पेशींची लय मावळते, उरलेल्यांची एकमेकींशी फारकत होते.

एकमत झाले तरी ते सूर्याशी जुळायला हवे. माणसाचा आतला दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा, असे चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. म्हणजे हे घड्याळ रोज थोडे पुढे ओढणे आले. ते काम सकाळचा उजेड करतो. रात्रीचा उजेड उलट मागे ढकलतो. हा निरोप पोचवणाऱ्या डोळ्यातल्या पेशी मेलॅनॉप्सिन या रंगद्रव्याने निळसर उजेड टिपतात आणि चित्र पाहण्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. म्हणूनच दृष्टी पूर्ण गेलेल्या काही लोकांचे घड्याळही उजेडाने जुळते.

यकृत, फुप्फुसे, स्नायू यांतही हीच यंत्रणा चालते. त्यांना मेंदूकडून कॉर्टिसोल हे संप्रेरक, शरीराचे तापमान, चेतातंतू अशा वाटांनी वेळ कळते. यकृत मात्र जेवणाच्या वेळेचेही ऐकते. उंदरांना भलत्या वेळी खाऊ घातले, तर यकृताचे घड्याळ सरकते, मेंदूतले जागच्या जागी राहते. न्यू जर्सीहून मुंबईत उतरलेल्या माणसाच्या देहात असे अनेक दिवस एकाच वेळी चालू असतात. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये निरोगी माणसांना जेवणे पाच तास उशिरा दिली. रक्तातल्या साखरेची लय जवळपास तितकीच सरकली, मेंदूतल्या घड्याळाची वेळ सांगणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाची हललीच नाही. प्रवासानंतरचे पहिले काही दिवस सकाळी उन्हात फिरावे आणि जेवण इथल्या घड्याळाप्रमाणे घ्यावे, असे म्हणतात ते यासाठीच.