झटका मशीन घेताना

सुगी जवळ आली की झटका मशीनची चौकशी करायला शेतकरी येऊ लागतात. पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, किती व्होल्टची घेऊ?"

मागच्या खरिपात आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने २० शेळ्यांसाठी अशी मशीन घेतली. दुकानदाराने १० हजार व्होल्टचा आकडा दाखवला होता. पंधरवड्यातच शेळ्या शेजाऱ्याच्या तुरीत! भांडण पंचांपर्यंत गेले. घरधनीण म्हणाली, "नुसतं टक् टक् वाजतंय, शेरडं काय भीत न्हाईत."

जाऊन पाहिले. मशीन चांगली होती, पण अर्थिंग म्हणून मुरमात हातभर सळई ठोकलेली. झटका तारेतून जनावराच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगवाटे परत मशीनमध्ये आला तरच बसतो. ही वाट तुटली की सारे व्होल्ट वाया. आम्ही ओलीच्या जागी ६ फुटी जस्ताच्या ३ सळया १०-१० फुटांवर ठोकल्या आणि एका तारेने जोडल्या. उन्हाळ्यात तिथे घागरभर पाणी ओतत जा, म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी म्होरक्या बोकडाने तारेला नाक लावले, आणि जो उधळला तो थेट गोठ्यात.

तेव्हा दुकानात व्होल्टबरोबर ज्यूल विचारा. ज्यूल म्हणजे एका ठोक्यातला जोर. कुंपण लांब असले, तारेला गवत टेकले, की कमी ज्यूलच्या मशीनचे व्होल्ट कोसळतात. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मीटर लावून येईल तो आकडा खरा. गाईबैलांना तिथे ३ हजार व्होल्ट पुरतात. केसाळ शेळ्यामेंढ्यांना ४-५ हजार हवेत. गाईंना दोन तारा चालतात. शेळ्यांना चार-पाच लागतात, आणि सर्वांत खालची जमिनीपासून वीतभरच. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सावलीबाहेर बसवा. बॅटरी पावसाळ्यातले तीन-चार ढगाळ दिवस काढील अशी घ्या. इथे काटकसर करू नका. काटेरी तारेत झटका कधीच सोडू नये. त्यात अडकलेले जनावर किंवा पोर सुटत नाही.

एक गोष्ट मात्र रागावूनच सांगतो. पैसे वाचवायला काहीजण रात्री लाईनची तार थेट कुंपणाला जोडतात. मशीनचा ठोका सेकंदातून एकदा, तोही क्षणाच्या बारीक अंशापुरता. मधल्या वेळात हात सुटतो. लाईनचा करंट सलग असतो, हात तारेलाच चिकटतो. रानडुकरांसाठी लावलेल्या अशा तारांनी आपल्या राज्यात माणसे गेली, विदर्भात वाघही मेले. तो गुन्हा तर आहेच. गावठी डबाही नको. आयएस ३०२ मानकातल्या कुंपण-यंत्राच्या भागाप्रमाणे तपासलेली मशीन मागा, पक्के बिल घ्या.

परवा त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो. शेळ्या तारेपासून हातभर लांब चरत होत्या. मीटर लावला तर शून्य. बॅटरीची वायर निघालेली! मी ती बसवायला वाकलो, तशी घरधनीण हळूच म्हणाली, "साहेब, शेरडांना कळू देऊ नका."