बेटावर गार असतं, असं कोण म्हणालं?

एप्रिल लागतो, पारा ४२ च्या पुढे सरकतो आणि जळगाव, भुसावळ, धुळ्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. "मुलांना सुट्टी लागली की यंदा अंदमानला जाऊ. समुद्र आहे, गार असेल. चार दिवस तरी या उन्हातून सुटू." लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, दवाखान्यात नंबर लावून बसलेले लोक बोलतात, आणि सहलीचं बुकिंग घेणारेही मान डोलावतात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, तेव्हापासून अंदमानच्या जोडीला लक्षद्वीपचंही नाव घेतलं जातं.

हा समज मुळातूनच चुकीचा आहे. त्यापायी लोक वर्षभराची शिल्लक घालवतात आणि वैतागून परत येतात, म्हणून तो नीट उलगडून सांगायला हवा.

मे महिन्यात पोर्ट ब्लेअरचा पारा ३१-३२ अंशांच्या फारसा वर जात नाही, हे खरं आहे. जळगावचे ४४ आणि तिथले ३२ शेजारी शेजारी लिहिले की कुणालाही गारवाच दिसणार. पण आपलं अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. घाम किती झपाट्यानं वाळेल हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरतं, आणि ती गोष्ट पाऱ्याच्या आकड्यात दिसत नाही.

खानदेशातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. घरातला कूलर पाहा. मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर रस्ता भाजत असतो आणि कूलरसमोर बसलं की अंगावर काटा येतो. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की तोच कूलर, तेच गवत, तेच पाणी, आणि वारा मात्र दमट. गादी चिकटते, चादर ओलसर लागते, शेवटी आपणच पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवतो. पारा तर तोवर आठ-दहा अंशांनी उतरलेला असतो! मग तगमग का वाढते? हवेत बाष्प आलेलं असतं, पाणी वाळायला जागाच उरलेली नसते. उष्ण कटिबंधातलं बेट म्हणजे हवेच्या दृष्टीनं बाराही महिने हाच जून.

आकड्यांतच हवं असेल तर तेही आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यात धरला की पारा खाली येत येत एका ठिकाणी थांबतो. पाणी वाळवून त्या हवेत जास्तीत जास्त किती थंडावा मिळू शकतो, ते हा आकडा सांगतो. हवामानशास्त्रात याला आर्द्र तापमान म्हणतात. जळगावची मेची दुपार, ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली, तर हा आकडा साधारण २३ येतो. बेटावरची दुपार, ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर तो २९ येतो. म्हणजे घामाच्या किंवा कूलरच्या जोरावर अंग थंड करायचं असेल, तर जळगावची हवा बेटाच्या हवेपेक्षा सहा अंशांनी सरस आहे. यावर विश्वास बसत नसेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा उष्मा निर्देशांकाचा तक्ता पाहा. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर सावलीतही अंगाला किती अंश वाटतं, याचं त्यातलं उत्तर ४४ च्या आसपास आहे. ज्या आकड्यापासून पळायचं होतं, तोच.

यावरून जळगावचं ऊन सोसवतं असा अर्थ कुणी काढू नये. ४४ अंशांत पाण्याशिवाय शेतात राबणारा माणूस उष्माघातानं जातो, आणि दरवर्षी जातात. मुद्दा एवढाच की त्या उन्हावर उतारा म्हणून दमट बेट निवडणं हे औषध नव्हे. पाण्याच्या कडेला वारा असतो, तिथे बरं वाटतं. शंभर पावलं आत आलात, नारळी-पोफळीच्या बागेत किंवा बाजारात शिरलात, की सदरा पाठीला चिकटतो. रात्रीही सुटका नाही, कारण भोवतालचा समुद्रच २९-३० अंशांवर असतो आणि हवेला उतरू देत नाही. संध्याकाळी वाळत घातलेला टॉवेल सकाळी हाताला ओलाच लागतो. आपल्या गच्चीवर तो चहा होईपर्यंत कडक होतो.

आता पाऊस. इथे मात्र माझा धीर सुटतो. "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या पानावर येते. कापसाच्या बियाण्याची जुळवाजुळव करणारा सगळा खानदेश ती वाचून सुखावतो. आणि त्याच घरातल्या कुणीतरी त्याच आठवड्याचं अंदमानचं बुकिंग केलेलं असतं! आपण ज्या पावसाची वाट पाहतोय तो तिथे पोहोचला, म्हणजे तिथे समुद्र खवळला, हे जोडून पाहायला काय लागतं? जळगावात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पोर्ट ब्लेअरला ३००० च्या घरात. तिथे दोन पावसाळे आहेत. नैऋत्येचा मे ते सप्टेंबर, आणि त्याला लागून ईशान्येचा, जो नोव्हेंबरपर्यंत आणि कधी डिसेंबरातही रेंगाळतो. म्हणजे दिवाळीची सुट्टीही बिनघोर नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदल आणि तटरक्षक दलानं त्यांना बाहेर काढलं. बोट रद्द होणं तिथे अपवाद नाही. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री लहान बेटावर मुक्काम ठेवणारा कार्यक्रम कुणी हातात दिला, तर तो तिथल्या तिथे परत करावा.

जानेवारी ते मार्च हे अंदमानचे खरे दिवस. नेमके तेव्हा आपल्या मुलांचे वर्ग आणि परीक्षा असतात, ही अडचण मलाही दिसते. शाळकरी मुलं असलेल्या घराला अंदमान सोयीचं नाही, असं कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. निवृत्त झालेल्यांना, नव्या जोडप्यांना, रब्बीच्या कामांतून आठवडा काढू शकणाऱ्या घराला ते जमतं.

मेमध्ये थंडच हवं असेल तर समुद्र शोधू नका, उंची शोधा. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. त्या हिशेबानं जळगाव ४४ वर असताना आपलं नंदुरबारचं तोरणमाळ ३८ च्या घरात असतं, आणि संध्याकाळ झाली की हवा उतरते. भुसावळहून इटारसीमार्गे पिपरियाला उतरलं की पचमढी आहे. त्याहून गार हवं असेल तर दोन हजार मीटरच्या वरचं मनाली किंवा उटी.

हवामानाचं झालं. पण योग्य महिन्यात गेलेली माणसंही कधीकधी कंटाळून परत येतात, आणि त्यामागे दुसरा समज असतो. शांत जागा कुणालाही आवडतेच, हा. नाही आवडत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शांत बेटावरचा दिवस कसा जातो ते आधी डोळ्यांसमोर आणावं. नील बेट घ्या, ज्याचं नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप आहे. सकाळी साडेपाचला लख्ख उजाडलेलं असतं. अंदमान आपल्या पूर्वेला सतरा रेखांश आहे, पण घड्याळ तेच भारतीय. त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, जळगावात पावणेसहाला. मेमधला फरक आणखी मोठा आहे, तिथे साडेपाच-पावणेसहा आणि आपल्याकडे सात. सव्वापाचला अंधार पडल्यावर त्या बेटावर काय असतं? लहानसा बाजार, थोडी दुकानं, जेवण. पोर्ट ब्लेअरला निदान सेल्युलर जेलचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो. १९११ ते १९२१ सावरकर जिथे होते ती जागा पाहायची म्हणून तर निम्मी मराठी माणसं अंदमान निवडतात. लहान बेटावर तसं काही नाही. आपल्याकडे जेवणं आटोपल्यावर खरी संध्याकाळ सुरू होते, ओट्यावर अकरा-अकरापर्यंत गप्पा चालतात, हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्ट्या तर दहाच्या आत पेटतही नाहीत. या सवयीचा माणूस सव्वापाच ते दहा काय करणार, हा खरा प्रश्न आहे. "किती पॉइंट होतात?" हा नव्हे.

ज्यांना पुस्तक पुरतं, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांत खेकडे पाहत दोन तास जातात, ज्यांना पहाटे साडेचारला आपसूक जाग येते, त्यांनी बिनधास्त जावं. पहाटे मळ्यात जाणारे आमचे कितीतरी नाना-अप्पा तिथल्या वेळेत शहरी मुलांपेक्षा सहज रुळतील असं मला वाटतं. ज्यांना रोज नवी जागा, खरेदी आणि बारा-पंधरा जणांचा गोतावळा लागतो, त्यांनी राजस्थान किंवा केरळ करावं, पैसे वसूल होतील. आणि ठरतच नसेल तर आधी कोकणात गुहागर, वेळणेश्वर किंवा मालवणाकडे भोगवे इथे दोन रात्री राहून पाहा. गाडी लावून ठेवायची, एकही ठिकाण पाहायला जायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात "आता काय करायचं?" सुरू झालं, तर उत्तर मिळालं. तेही बेटाच्या खर्चाच्या काही अंशात.

प्रवासाचे दिवसही लोक हिशेबात धरत नाहीत. जळगावहून नवजीवननं चेन्नई किंवा गीतांजलीनं कोलकाता गाठायला एकेक दिवस जातो, विमान त्यापुढे. "पाच रात्री" लिहिलेलं पॅकेज आपल्यासाठी आठ-नऊ दिवसांचं असतं. जहाजानं जाऊ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जहाज तीनेक दिवस घेतं.

बाकीचे समज थोडक्यात.

अंदमानला पासपोर्ट लागतो: नाही, भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी ओळखपत्र पुरतं. आणि तिकिटावर श्री विजयपुरम दिसलं तर घाबरू नका, सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव तेच आहे.

शाकाहारी माणूस उपाशी राहील: अंदमानात नाही. नील बेटावर तर बंगाली वस्ती भाजीपाला पिकवते आणि आसपासच्या बेटांना पुरवते. शेवभाजी मिळणार नाही, वरण-भात-भाजी मिळेल. लक्षद्वीपमध्ये मात्र नारळ आणि मासे स्थानिक, भाजी बहुतेक केरळातून बोटीनं येते, तेव्हा आधी विचारून जावं.

तापीत पोहलो, समुद्रात काय: अंदमानच्या काही खाड्यांत आणि किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. फलक लावलेला असेल तिथे घोट्यापर्यंतही उतरू नये.

आठवण म्हणून किनाऱ्यावरचं प्रवाळ आणलं तर काय बिघडलं: वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात.

तिकडे फोन लागत नाही: ऑगस्ट २०२० पासून अंदमानला आणि जानेवारी २०२४ पासून लक्षद्वीपला समुद्राखालून केबल आहे. लहान बेटांवर रेंज जाते-येते, एवढंच.

लक्षद्वीप म्हणजे अंदमानच, जरा जवळचं: हा शेवटचा समज सर्वांत महागात पडतो. अंदमान डोंगराळ, जंगलांचं आणि मोठं. लक्षद्वीपचं सगळं क्षेत्रफळ मिळून ३२ चौरस किलोमीटर, ३६ बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती, आणि जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंच. तिथे भारतीय नागरिकालाही १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना घ्यावा लागतो. बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, त्यामुळे "गोव्यासारखं" काही शोधणाऱ्यानं तिकडे फिरकू नये. वस्ती मुस्लिम आणि साध्या राहणीची आहे, गावात फिरताना कपड्यांचं भान ठेवावं लागतं. पावसाळ्यात लहान बोटींना धक्क्याला लागणं धोक्याचं होतं, म्हणून ऑक्टोबर ते मेचा पहिला पंधरवडा एवढाच हंगाम. आणि भुसावळ-जळगावहून जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस लक्षद्वीपला जात नाही, ती जवळजवळ दीड दिवसानं एर्नाकुलमला पोहोचते. पुढे कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान, आणि दोन्हींना परवाना आधी हातात लागतो. तेव्हा रेल्वेचं आरक्षण परवाना मिळाल्यावरच करावं.