गळका झरोका : डागडुजी की बदल?

कोकणातील जुन्या घरांत माजघर हा बहुधा काळोखाचा प्रांत असे. त्यावर उपाय म्हणून कौलांच्या ओळीत एखादे काचेचे कौल बसविले जाई. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्याच आकाराची काचेची कौलेही मिळू लागली. देशावरील धाब्याच्या घरांत उजेडासाठी छताला ‘सानं’ ठेवीत. आज सिमेंटच्या स्लॅबची घरे आली, तरी गरज तीच राहिली. जिन्यावर, न्हाणीघरावर किंवा दिवाणखान्याच्या मध्यभागी छतात काचेचा झरोका ठेवला जातो. त्यालाच आपण ‘स्कायलाइट’ म्हणतो.

निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावरील वडिलोपार्जित घरात राहावयास आलो. जिन्यावरचा झरोका पहिल्याच आषाढात ठिबकू लागला. आम्ही खाली बादली ठेवली, वर डांबर लावले, पुढच्या वर्षी ताडपत्री बांधली. असे आठ पावसाळे काढले. आठव्या पावसाळ्यात एका रात्री ऐंशी ओलांडलेल्या आईचा पाय ओल्या पायरीवरून घसरला. हाड मोडले नाही, हे दैव. परंतु ज्या गळतीला आम्ही ‘थोडेसे ठिबकणे’ म्हणत होतो, तिचा खरा अर्थ त्या रात्री कळला. पुढे झरोका काढल्यावर त्याच्या कडेच्या सळ्या गंजून फुगलेल्या दिसल्या आणि धोका केवळ पायरीपुरता नव्हता हेही उमगले. आमच्यासारखीच टाळाटाळ करणाऱ्या वाचकांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सागरी हवेचा दुहेरी मारा

छतातील प्रत्येक भोक हे पाण्याला दिलेले आमंत्रणच असते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. म्हणजे चौरस मीटरभर झरोक्यावरून एका हंगामात तीन हजार लिटरहून अधिक पाणी वाहते. वरच्या बाजूच्या छतावरून वाहत येणारे पाणी वेगळेच.

हे पाणी सरळ वरून पडते तर काम सोपे होते. वाऱ्याबरोबर ते आडवे येते, काचेवर वर चढते आणि जोडांच्या फटींत ढकलले जाते. बाहेर वाऱ्याचा दाब अधिक आणि घरात कमी असला, की केसाएवढी फटसुद्धा पाणी आत शोषून घेते. छतावरून वेगाने जाणारा वारा झरोक्याला वर खेचतो, ते निराळेच. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मूलभूत वाऱ्याचा वेग पणजीसाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४ मीटर, तर चेन्नई व विशाखापट्टणमसाठी ५० मीटर धरला आहे. पन्नास मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर. हे आकडे केवळ कागदावरचे नव्हेत. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकलेले ‘हुदहुद’ आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ ही चक्रीवादळे अनेक वाचकांना आठवत असतील.

दुसरा शत्रू मीठ. लाटांच्या तुषारांतून उडालेले क्षाराचे कण प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपुढे गेली, की मीठ हवेतील ओलावा ओढून स्वतःच विरघळू लागते. त्यामुळे पाऊस नसतानाही धातूवर खारट पाण्याची पातळ झिलई राहते. साधे लोखंड तिच्यात झपाट्याने गंजते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत लोखंडी स्क्रू असेल, तर दोन निराळे धातू आणि खारे पाणी मिळून जणू एक छोटी बॅटरीच तयार होते आणि धातू आतून खाल्ला जातो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. म्हणून स्लॅबमधील सळई गंजली की भोवतालचे काँक्रीट फुटते, त्या भेगेतून आणखी पाणी शिरते आणि हे चक्र चालू राहते.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पाणी जेथे टपकते तेथूनच ते आत शिरते असे नाही. ते चौकटीच्या आतून किंवा स्लॅबच्या भेगेतून दूरवर जाऊन भलत्याच ठिकाणी खाली उतरते. निदान न करता केलेली डागडुजी ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत होय. आमच्या आठ वर्षांच्या डांबराचे हेच झाले. आम्ही काचेची कड लिंपत राहिलो आणि पाणी शिरत होते कठड्याच्या पायथ्याशी.

निदानाची रीत सोपी आहे. कोरड्या दिवशी एकाने वर नळी घेऊन उभे राहावे, दुसऱ्याने आत लक्ष ठेवावे. पाणी नेहमी खालून वर सोडीत जावे. प्रथम कठडा व छत यांचा सांधा, मग कठड्याची भिंत, मग चौकट व कठडा यांमधील जोड आणि सर्वांत शेवटी काचेची कड. प्रत्येक ठिकाणी निदान दहा मिनिटे थांबावे. सुरुवातीलाच वरून पाणी ओतले, तर ते सर्वत्र वाहते आणि काहीच कळत नाही.

एक फसवा प्रकारही ध्यानात ठेवावा. पाऊस नसलेल्या हिवाळी पहाटे झरोक्याखाली थेंब दिसले, तर ती गळती नव्हे. रात्री थंड झालेल्या काचेवर किंवा पत्र्यावर घरातील दमट हवेचे दव जमते. त्यावर उपाय वायुवीजनाचा, लिंपणाचा नाही.

दुरुस्ती केव्हा, बदल केव्हा?

चौकट सरळ व मजबूत असेल, काच अखंड असेल आणि केवळ रबरी पट्टी कडक झाली असेल किंवा पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजली असतील, तर दुरुस्ती पुरते. चौकट गंजली वा पोखरली असेल, पॉलिकार्बोनेटचा पत्रा पिवळा पडून तडकला असेल, कठडा फारच बुटका असेल किंवा तोच झरोका दोन-तीनदा दुरुस्त करूनही गळत असेल, तर बदल हाच शहाणपणाचा मार्ग.

एक तिसरा पर्यायही आहे आणि तो सुचविण्यात कंत्राटदाराला सहसा रस नसतो. झरोका कायमचा बुजवून त्याऐवजी भिंतीच्या वरच्या भागात, छज्जाच्या आडोशाला उभी खिडकी काढता येते. उभ्या काचेवरून पाणी पटकन ओघळते आणि छज्जा वाऱ्याचा मारा अडवितो. जेथे जागा आहे तेथे या पर्यायाचा विचार अवश्य करावा. आमच्या जिन्याला तशी भिंत नव्हती, म्हणून झरोका बदलणे भाग पडले.

साहित्याची पारख

डोक्यावरची काच नेहमी लॅमिनेटेड असावी. तिच्या दोन थरांमध्ये चिवट पारदर्शक पडदा असतो, त्यामुळे काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. नुसती टफन्ड काच मजबूत असते. मात्र फुटली की तिचे खडे खाली कोसळतात. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून मापे अचूक घ्यावीत. काचेची जाडी आकारमान व वाऱ्याचा भार पाहून अभियंत्याकडून ठरवून घ्यावी. आमच्याकडे ६ मिलिमीटरच्या दोन टफन्ड काचा जोडून केलेली लॅमिनेटेड काच बसविली.

पॉलिकार्बोनेट हलके व स्वस्त असते. मात्र ते उष्णतेने बरेच प्रसरण पावते. दोन मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर वाढतो. स्क्रूची छिद्रे घट्ट ठेवली तर पत्रा तेथेच तडकतो. शिवाय अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर बहुधा त्याच्या एकाच बाजूस असतो. ती बाजू वर आली नाही, तर पत्रा लवकरच निकामी होतो.

चौकटीसाठी ॲल्युमिनियम चांगले, पण त्यावरील ॲनोडायझिंगचा थर किनाऱ्यासाठी २५ मायक्रॉनचा मागावा. स्क्रू व बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. नेहमीच्या ३०४ प्रतीत नसलेले दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम त्यात असते आणि तेच क्षारापासून संरक्षण देते. धातू एकमेकांना भिडतात तेथे नायलॉनची किंवा रबरी चकती घालावी. सिलिकॉन घेताना वास घेऊन पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन धातूला व सिमेंटला मानवत नाही. ‘न्यूट्रल’ प्रकारचेच मागावे.

बसविण्याची रीत

साहित्य कितीही उंची असले, तरी झरोका टिकतो तो खालच्या बांधकामावर. आमचे काम पुढील क्रमाने झाले.

१. जुनी चौकट काढून कठड्याचे सैल काँक्रीट पाडले. गंजलेल्या सळ्या तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांवर गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने तो भाग भरला.

२. जेमतेम दोन इंचांचा कठडा तयार छताच्या पातळीपासून १५ सेंटीमीटरहून उंच केला. मुसळधार पावसात तुंबलेले पाणी व उडणारे शिंतोडे यांना ही उंची अडविते.

३. कठडा व छत यांचा कोन गोलाकार केला. गवंडी याला ‘वाटा’ म्हणतात. काटकोनात जलरोधक थर हमखास फाटतो, वाट्यावर तो सलग बसतो.

४. जलरोधक थर छतावरून कठड्यावर चढवून थेट माथ्यापर्यंत नेला. चढाच्या बाजूस पाणी दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावे म्हणून छोटा उंचवटा केला.

५. चौकट बसविण्यापूर्वी भोवती आळे करून ४८ तास पाणी साठविले. गळती नाही याची खात्री झाल्यावरच पुढचे काम केले.

६. चौकट कठड्यावर टोपीसारखी बसविली. तिची कड बाहेरून खाली आलेली आहे. काचेला मीटरला १५ सेंटीमीटर उतार दिला. सपाट काचेवर पाणी व क्षार साचतात.

७. शेवटी नळीची चाचणी पुन्हा घेतली.

चौकटीच्या खालच्या कडेची बारीक छिद्रे सिलिकॉनने बुजवू देऊ नयेत. आत शिरलेले थोडे पाणी बाहेर जाण्याची तीच वाट असते. ‘भोक दिसले की बुजवा’ ही कारागिराची सवय येथे घातक ठरते.

कौलारू घरात मार्ग वेगळा. काचेचे कौल शेजारच्या कौलांच्या खाचेत नीट बसते की नाही, खालची रीप कुजलेली तर नाही, हे शाकारणीच्या वेळीच पाहावे. काचेच्या कौलावर किंवा कोणत्याही झरोक्यावर पाय देऊ नये, अंगमेहनतीचे काम करणाऱ्यालाही देऊ देऊ नये.

काम दिवाळीनंतर काढावे आणि अक्षय्य तृतीयेच्या आत संपवावे. ओल्या पृष्ठभागावर लेप धरत नाहीत. मृगाच्या तोंडावर धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

खर्च, कर्ज आणि विमा

आठ वर्षांच्या डांबर, ताडपत्री व मजुरीच्या पावत्या मी एकदा मांडून पाहिल्या. ती रक्कम नव्या झरोक्याच्या निम्म्या खर्चाहून अधिक भरली. आईच्या औषधोपचाराचा हिशेब त्यात धरलेला नाही.

निदान दोन लेखी अंदाजपत्रके घ्यावीत. त्यांत काचेचा प्रकार, स्क्रूची प्रत व कठड्याची उंची स्पष्ट लिहून घ्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने, बँकेमार्फतच द्यावेत आणि शक्य तर शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत राखून ठेवावा. काम मोठे असल्यास घरदुरुस्तीच्या कर्जाची चौकशी आपल्या शाखेत करावी. सदनिकाधारकांनी गच्ची ही सामाईक जागा असल्याचे ध्यानात ठेवून प्रथम संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

विम्याबद्दल एक गैरसमज आढळतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ व पूर यांमुळे होणाऱ्या नुकसानीचे संरक्षण आहे. मात्र झीज, गंज आणि निगेचा अभाव यांमुळे झालेली हानी विम्यात बसत नाही. वर्षानुवर्षे गळणारा झरोका वादळात उडाला, तर वादाला तोंड फुटू शकते. म्हणून नव्या कामाची छायाचित्रे व देयके जपून ठेवावीत. घरदुरुस्तीच्या कर्जासाठी पाहणीस जाणाऱ्या आपल्या शाखांतील सहकाऱ्यांनाही एक विनंती : भिंती पाहताना क्षणभर मान वर करून छताकडेही पाहावे.

निगा

नवा झरोका बसला म्हणजे काम संपले असे नाही. किनाऱ्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने काच व चौकट धुवावी. पावसाळ्यात हे काम निसर्गच करतो. उन्हाळ्यात ते आपले. मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर छिद्रे काडीने मोकळी करावीत, रबरी पट्टी दाबून पाहावी, गच्चीवरील पालापाचोळा काढावा. अर्ध्या तासाचे हे काम.

आमच्या नव्या झरोक्याने दोन पावसाळे पाहिले आहेत. बादली परत न्हाणीघरात गेली आहे. आई आता कठड्याला धरून का होईना, जिना एकटी चढते आणि वरच्या पायरीवर उजेडात बसून तांदूळ निवडते.