मोठ्या महादेवाची चढण

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की वऱ्हाडातील कित्येक घरी लोहाराकडून घडवून आणलेल्या त्रिशूळाची पूजा होते. अमरावती-अकोल्याकडील हे भाविक महाशिवरात्रीला निघतात ते सातपुड्यात, पचमढीजवळच्या चौरागडास. आपल्याकडे त्याचे नाव सरळ ‘मोठा महादेव’. शिखर १,३०० मीटरहून अधिक उंच आणि अखेरच्या चढाला सुमारे १,३०० पायऱ्या. अकोल्याच्या खांद्यांना श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीची सवय असते खरी. परंतु गांधीग्रामहून पूर्णेचे जल सपाट वाटेने येते, त्रिशूळ मात्र आकाशाच्या दिशेने न्यावा लागतो.

देव इतक्या उंचावर का? रुद्राध्यायात शिवाला गिरिशन्त, गिरित्र, गिरिश अशा नावांनी आळविले आहे. ‘गिरीश’ म्हणजे पर्वताचा स्वामी, हे सर्वांस ठाऊक. येथे मात्र इकार ऱ्हस्व आहे. ‘गिरिश’ म्हणजे पर्वतावर निवास करणारा. स्वामी खाली दरबारातही भेटेल, पण रहिवाशाची भेट हवी तर त्याच्या दारी गेले पाहिजे. एका ऱ्हस्व इकाराने केवढी चढण आणली पाहा!

छिंदवाडा जिल्ह्यात जुन्नारदेव येथे ‘पहिली पायरी’ नावाचे स्थान आहे. तेथून चौरागड कितीतरी कोस दूर, मध्ये डोंगरांमागे डोंगर. तरीही पायरीची गणना तेथूनच! मोटारीने थेट पचमढी गाठणाऱ्यास या नावातील मर्म कसे कळावे?

नवस आपण ‘बोलतो’ आणि ‘फेडतो’. फेडणे हा शब्द ऋणाचा. लेकराच्या दुखण्यात बापाने त्रिशूळ बोलावा, लेकरू बरे व्हावे, आणि पीकपाण्याच्या ओढाताणीत जाणे राहून बापानेच डोळे मिटावे, असे घडते. मग तेच लेकरू मोठे होऊन तो त्रिशूळ खांद्यावर घेते. पितृऋण म्हणतात ते याहून निराळे काय? अलीकडे अनेकांनी मिळून उचलावे लागणारे प्रचंड त्रिशूळही वर जातात. त्यांतील भक्तीविषयी शंका नाही. तथापि स्वतःच्या खांद्याला पेलेल तेवढाच त्रिशूळ बोलावा, असे मला वाटते. वर देवळाभोवती त्रिशूळांच्या राशी लागलेल्या असतात. तेथे लहानमोठा कोण पाहतो?

वृद्धांविषयी एक सांगणे आहे. निर्जळी उपवास करून हा चढ चढण्याचा हट्ट त्यांनी धरू नये. मोर्शी तालुक्यात, सीमेवरच्या सालबर्डीस ‘छोटा महादेव’ आहे. भस्मासुराच्या भयाने महादेव तेथूनच भुयारी वाटेने पचमढीस गेले, अशी लोकश्रद्धा. तेथील गुहेसही डोंगर चढावा लागतोच, पण तो बेताचा. आईने तेथे बेल वाहावा. तिने बोललेला त्रिशूळ लेकाने मोठ्या महादेवास न्यावा.