देऊळ कुणीकडे फिरले?

परतवारीच्या दिवसांत आमच्या गावात सप्ताह बसतो. आषाढी करून परतलेले वारकरी नरसीला नामदेवरायांच्या दर्शनाला येतात, तिला आमच्याकडे परतवारी म्हणतात. नरसी हिंगोलीजवळ, कयाधू नदीकाठी आहे. आमचे गावही तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. बँकेतून निवृत्त होऊन गावी राहायला आल्यापासून भजनी मंडळाची वही माझ्याकडे आहे. कोणत्या रात्री कोणी गायचे हे मी लिहितो. आयुष्यभर कर्जाचे अर्ज मंजूर-नामंजूर केलेल्या माणसाच्या हाती अशी वही आली की त्याला पुन्हा खुर्चीत बसल्यासारखे वाटते.

तीन वर्षांपूर्वी सप्ताहाला पुतण्याचा मुलगा पुण्याहून आला. पाठीला गिटार. म्हणाला, "आबा, एका रात्री अर्धा तास द्या. आपलेच अभंग म्हणतो." आणि त्याने मोबाइलवर 'अभंग रिपोस्ट' नावाच्या मुंबईच्या बँडचे गाणे लावले. ही तरुण मुले संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रमच्या साथीने म्हणतात. कधी रॉकच्या अंगाने, कधी रेग्गेच्या डुलत्या चालीवर. 'रिपोस्ट' म्हणजे जुने पत्र पुन्हा टपालात टाकणे, असे त्याने मला समजावले. मी अर्धे गाणे ऐकले आणि मोबाइल परत दिला. पंधरा-वीस माणसांदेखत म्हणालो, "ते बाहेर ठेव. टाळ घे आणि बस."

तो बसला नाही. देवळामागच्या ओट्यावर जाऊन एकटाच हळूहळू तारा छेडत राहिला.

रात्री शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "नामदेवालाबी देवळामागंच धाडलं होतं. मग देऊळ कुणीकडं फिरलं रे?"

आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान लेकरालाही ठाऊक असते. औंढा नागनाथाच्या देवळासमोर नामदेव कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांना त्याची अडचण झाली, त्यांनी त्यांना मागे जायला सांगितले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. ही आख्यायिका मी स्वतः कितीदा तरी लोकांना ऐकवली आहे. त्या दिवशी आपण त्यातले कोण झालो होतो, हे काकूंनी सांगेपर्यंत लक्षात आले नाही.

झोप लागेना. मग आजोबा आठवले. त्यांच्या तरुणपणी मंडळात पेटी आली, तेव्हा त्यांनी दोन वर्षे मंडळात पाय ठेवला नव्हता, असे वडील सांगत. वीणा, टाळ, मृदंग सोडून हे साहेबाचे वाद्य कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच चूक नव्हते. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. आपल्याकडे १९४० साली रेडिओनेही तिला आपल्या केंद्रांवर बंदी घातली होती आणि ती बंदी तीन दशके टिकली. आज तीच पेटी नसेल तर आमचे भजन सुरू होत नाही.

वडिलांनी पेटी स्वीकारली, पण पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट मी पहिल्या पगारातून आणली तेव्हा ते म्हणाले, "हे गाणं झालं, भजन नव्हे." त्या तानांनी माझ्या अंगावर काटा येई. वडील उठून ओसरीवर जात. आणि आता मी त्याच कॅसेटमधल्या चालींना 'मूळ चाल' म्हणून गिटारवाल्याला बाहेर काढत होतो! प्रत्येक पिढीला वाटते, आपण विशीत ऐकले तेच मूळ.

हे फक्त आमच्याच गावचे नाही. अमेरिकेत बॉब डिलन नावाचा गायक साधी गिटार घेऊन लोकगीतांच्या वळणाची गाणी म्हणे. १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात तो विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याच्याच चाहत्यांतल्या काहींनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी मँचेस्टरला एकाने त्याला भर कार्यक्रमात 'ज्यूडास', म्हणजे विश्वासघातकी म्हटले. २०१६ साली त्याच डिलनला साहित्याचे नोबेल मिळाले. आवाज बदलला की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. त्यातल्या एका तटाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि ते दुःख खोटे नसते.

अभंग मात्र या बाबतीत मोठा सोशिक. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. लघु-गुरूचे बंधन नाही, त्यामुळे अक्षर हवे तसे ओढता येते, आखडता येते. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा आणि रॉकमधला ठेका बहुधा चारांचा. चार दुणे आठ, हा हिशेब तर बँकवाल्याला जमायलाच हवा. नामदेवांचे शब्द पंजाबात पोचले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, ती तिथल्या रागांत गायली जातात. म्हणून तर २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरले. नरसीचा माणूस इतक्या दूर गेला, तो आपली एकच चाल घट्ट धरून गेला असेल काय?

तरी माझी एक तक्रार शिल्लक आहे. मंडळात एकजण चरण म्हणतो आणि बाकीचे सगळे ध्रुपद उचलतात. तिथे श्रोता नसतोच, सगळे गाणारे. बँडसमोर माणसे उभी राहून बघतात. हे मी त्या मुलाला पुढच्या वर्षी सप्ताहाआधी फोन करून सांगितले. आधी क्षमा मागितली, मग तक्रार केली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही टाळ घेऊन माझ्या शेजारी बसणार असाल तर येतो. ध्रुपद तुम्ही उचला."

मी वहीत चौथ्या रात्री त्याचे नाव लिहिले. त्याने गिटार लावली तसे सात-आठजण उठून गेले. त्यांत माझा शाळेपासूनचा मित्र होता, मंडळातला आमचा पखवाजवाला. तो आजही म्हणतो, "तू वही विकलीस." मी वाद घालत नाही. त्याच्या बोटांनी पन्नास वर्षे जो नाद सांभाळला, त्याला त्या रात्री कोणी विचारले नव्हते. ती चूकही माझीच.

दारात चपला काढून उभी असलेली पोरे मात्र आत आली. यापूर्वी ती प्रसादापुरती येत. पहिल्या ध्रुपदाला ती बुजली, दुसऱ्याला त्यांचे ओठ हलले. काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येते, पण टाळी ठेक्यात पडत होती.

यंदाची वही परवा काढली. चौथी रात्र कोरी ठेवली आहे. आज संध्याकाळी मित्राकडे जाणार आहे. गिटारबरोबर पखवाज वाजवशील का, असे त्याला विचारायचे आहे.