मॅलम कोव्ह: चुनखडकाचा कडा आणि पायी चालण्याचा हक्क

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर डेल्स हा डोंगरदऱ्यांचा प्रदेश आहे. त्यात मॅलम नावाचे एक लहान गाव आहे. गावापासून पायी साधारण वीस मिनिटांवर चुनखडकाचा एक प्रचंड, आतल्या बाजूला वळलेला कडा आहे. उंची सुमारे 80 मीटर, रुंदी सुमारे 300 मीटर. यालाच मॅलम कोव्ह म्हणतात. कड्याच्या पायथ्याशी एक ओढा खडकाखालून बाहेर पडतो, पण माथ्यावर नदी नाही, धबधबाही नाही.

या टिपणात आपण दोन प्रश्न घेणार आहोत. पाणी नसलेल्या जागी धबधब्याच्या आकाराचा कडा कसा तयार झाला? आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातून, कुरणातून चालत जाण्याचा हक्क सामान्य माणसाला कुठून मिळाला? पहिला प्रश्न भूशास्त्राचा आहे, दुसरा कायद्याचा. अभ्यासक्रमात हे दोन विषय वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात, म्हणून सहसा कोणी ते एकत्र मांडत नाही.

खडक आणि पाणी

येथील चुनखडक कार्बनी कालखंडातला, म्हणजे 30 कोटी वर्षांहून जुना आहे. उथळ, उबदार समुद्रात सागरी जीवांच्या कवचांचा गाळ साचून तो बनला. पुढे क्रेव्हन भ्रंश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भेगांच्या पट्ट्यावर जमीन वरखाली सरकली आणि एका बाजूला उंच पायरी तयार झाली. आजचा कडा मात्र त्या भ्रंशरेषेवर नाही, तिच्या उत्तरेला आहे. पाण्याने आणि बर्फाने झिजत झिजत तो मागे सरकला आहे.

चुनखडकाचे वैशिष्ट्य असे, की तो नुसता झिजत नाही, विरघळतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते. ते कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावते आणि पाण्यात विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. खडकातल्या उभ्या सांध्यांमधून असे पाणी हजारो वर्षे झिरपले, की सांधे रुंदावतात. कड्याच्या माथ्यावर याचे सुरेख उदाहरण दिसते. फरसबंदी केल्यासारखा सपाट खडक आणि त्यात खोल चिरा. सपाट ठोकळ्यांना तिकडे क्लिंट म्हणतात आणि चिरांना ग्राइक. चिरांमध्ये वारा कमी व ओलावा जास्त, शिवाय मेंढ्यांचे तोंड तिथे पोचत नाही. त्यामुळे एरवी जंगलात दिसणारी नेचे आणि फुलझाडे त्या चिरांत वाढतात. हा खडक बागांच्या सजावटीसाठी उपटून विकला जात असे. 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यात त्याला संरक्षण देण्याची तरतूद झाली.

विरघळण्याचा वेग किती? मॅलमच्या पश्चिमेला नॉर्बर येथे याचा अंदाज करता येतो. हिमनदीने वाहून आणलेले गडद रंगाचे, चुनखडक नसलेले मोठे धोंडे तेथे चुनखडकावर पडलेले आहेत. धोंड्याने छत्रीसारखे काम केले, म्हणून त्याखालचा चुनखडक टिकला आणि आजूबाजूचा पावसाने खाली गेला. त्यामुळे कित्येक धोंडे आज चौथऱ्यावर ठेवल्यासारखे दिसतात. चौथरा सुमारे 30 सेंमी धरा आणि बर्फ हटून सुमारे 18,000 वर्षे झाली असे धरा. म्हणजे 300 मिलिमीटर भागिले 18,000. एक मिलिमीटर खडक जायला साधारण 60 वर्षे. हा अगदी ढोबळ हिशोब आहे, वर माती होती की नाही यावर बरेच अवलंबून असते. तरी प्रमाण कळायला तो पुरेसा आहे.

आता कड्याकडे परत येऊ. चुनखडकातून पाणी इतके सहज खाली जात असेल, तर माथ्यावरून नदी वाहिलीच कशी? याचे उत्तर हिमयुगात आहे. त्या काळात जमीन खोलवर गोठलेली होती. चिरांमधले पाणीही गोठल्यामुळे खडक काँक्रीटच्या तळासारखा झाला. बर्फ वितळून आलेले पाणी आत मुरू शकत नव्हते, म्हणून ते पृष्ठभागावरून वाहिले, कड्यावरून कोसळले आणि त्याने कडा कोरला. हवामान उबदार झाले, जमीन मोकळी झाली आणि नदी खाली उतरली. तिची रिकामी दरी अजून आहे. वॉटलोज या नावाची ती कोरडी दरी थेट कड्याच्या माथ्याशी येऊन संपते. डिसेंबर 2015 मध्ये डेझमंड वादळाच्या पावसाने खालच्या वाटा भरून गेल्या आणि थोड्या वेळासाठी कोव्हवरून पुन्हा धबधबा पडला. हयात असलेल्या कोणीही तो आधी पाहिला नव्हता.

खालच्या वाटांची गंमत तर वेगळीच आहे. कोव्हच्या उत्तरेला मॅलम टार्न हे तळे आहे. चुनखडकाच्या मुलखात तळे टिकते, कारण त्याखाली पाणी न झिरपू देणारा जुना स्लेट खडक आणि हिमनदीचा गाळ आहे. तळ्यातून निघणारा ओढा चुनखडकावर येताच जमिनीत गडप होतो. कोणालाही वाटेल, की हेच पाणी कोव्हच्या पायथ्याशी बाहेर येत असणार. पण पाण्यात रंग सोडून तपासले तेव्हा दिसले, की ते गावाच्याही दक्षिणेला एअर हेड येथील झऱ्यांतून निघते. कोव्हखालचे पाणी दुसऱ्याच ठिकाणी, धातू गाळण्याच्या जुन्या कारखान्याजवळ, जमिनीत शिरलेले असते. म्हणजे दोन प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात. भूजल नकाशावरच्या उताराप्रमाणे वाहते असे गृहीत धरून कचऱ्याचा डेपो किंवा सांडपाण्याचा खड्डा आखणाऱ्या अभियंत्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

चालण्याचा हक्क

यॉर्कशायर डेल्स 1954 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. हा शब्द आपल्याकडे ऐकला, की वाघ, प्रवेशद्वार आणि तिकीट डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांत गावे आहेत, शेते आहेत, शाळा आहेत आणि बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. प्रवेशशुल्क नाही. मग मेंढपाळाच्या कुरणातून लोक बिनदिक्कत चालतात ते कशाच्या आधारावर?

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: वहिवाट. जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावरून जाण्याचा हक्क जनतेचा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सुमारे 2,25,000 किमी आहेत. लोकांनी एखादी वाट उघडपणे, कोणाची परवानगी न मागता, सलग 20 वर्षे वापरली, तर ती सार्वजनिक केली गेली असे 1980 च्या महामार्ग कायद्यानुसार मानले जाते. अर्थात मालकाने आपला तसा इरादा नव्हता हे दाखवले नाही तर. शेताच्या मधून जाणारी पाऊलवाट शेतकऱ्याने नांगरली, तर ठरावीक दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बांधाच्या कडेची वाट तर नांगरताच येत नाही.

डोंगरमाथ्यांचा प्रश्न अधिक चिघळलेला होता. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी होती, आणि जवळचे पठार जमीनदारांनी ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंद ठेवले होते. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे लोक ठरवून किंडर स्काउट या 636 मीटर उंच पठारावर घुसले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन फक्त 20 वर्षांचा होता. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. शिक्षा इतकी कडक झाली, की त्यांच्याशी सहमत नसलेल्या चालणाऱ्यांच्या संघटनांनाही सहानुभूती वाटू लागली. पुढे 1949 मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण प्रदेशातील प्रवेश यांचा कायदा आला. प्रत्येक जिल्हा परिषदेने आपल्या हद्दीतल्या वाटांचा अधिकृत नकाशा करावा, हे त्याने ठरवले. किंडर स्काउट ज्यात येते ते पीक डिस्ट्रिक्ट 1951 मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. वाट सोडून मोकळ्या माळावर हिंडण्याचा हक्क मात्र 2000 च्या कायद्याने दिला. तोही फक्त डोंगर, मूर, हीथ, टेकड्या आणि नोंदलेली सामाईक जमीन यांवर. कायदेशीर लढ्यात इतका वेळ का लागतो, असे विद्यार्थी विचारतात. येथे घुसखोरीपासून कायद्यापर्यंत 68 वर्षे गेली, इतकेच मी सांगतो.

वाद संपलेला नाही. ज्या जुन्या वाटा अधिकृत नकाशावर चढल्या नाहीत, त्यांची नोंद करण्यासाठी याच 2000 च्या कायद्याने 2026 ची मुदत घातली होती. ती नंतर 2031 पर्यंत वाढवली गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारने ती रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. दरम्यान अनेक स्वयंसेवक अभिलेखागारांत बसून जुने नकाशे आणि करारपत्रे चाळत आहेत. वाट जमिनीवर दिसते, पण कागदावर नसेल तर ती टिकवणे कठीण, हे पाणंद रस्त्याचे भांडण पाहिलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

वाट झिजते तेव्हा

मॅलमवरून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची वाट जाते. टॉम स्टीव्हन्सन या पत्रकाराने 1935 मध्ये तिची कल्पना मांडली आणि 24 एप्रिल 1965 रोजी मॅलम मूरवर तिचे उद्घाटन झाले. एडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येथोमपर्यंत सुमारे 431 किमी. लोक आले, आणि पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर असलेल्या पठारांवर वाटेचा चिखल झाला. चिखल चुकवायला प्रत्येक जण थोडा बाजूने चालतो, त्यामुळे वाट दरवर्षी रुंदावत जाते.

उपाय साधा निघाला: फरशा. लँकेशायरच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीतल्या वाळूखडकाच्या लाद्या हेलिकॉप्टरने वर नेऊन अंथरल्या. याच लँकेशायरचे कापड एके काळी आपल्या बाजारपेठा भरून टाकत असे. काही लाद्यांवर यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. आता हिशोब करा. 70 किलोचा माणूस एका पायावर उभा आहे आणि बुटाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंमी आहे, तर जमिनीवर दाब सुमारे 34 किलोपास्कल. तोच माणूस 1 मीटर बाय 0.6 मीटर, 8 सेंमी जाड लादीवर उभा राहिला, तर लादीचे 115 किलो धरूनही दाब फक्त 3 किलोपास्कलच्या आसपास येतो. ओल्या पीटला पहिला पेलत नाही, दुसरा पेलतो. दगडी वाट निसर्गाला शोभत नाही अशी तक्रार काही जण करतात. मला ती पटत नाही. शंभर फूट रुंद चिखलाचा पट्टा कोणत्या अर्थाने नैसर्गिक म्हणायचा?

चालणाऱ्याला उपयोगी खुणा थोडक्यात सांगतो. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाण्याची वाट; निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी असलेली वाट; ओकच्या फळाचे चिन्ह म्हणजे राष्ट्रीय वाट. शेतांच्या सीमेवर आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी भिंती असतात. त्या ओलांडायला पायऱ्या किंवा माणूस मावेल आणि मेंढी मावणार नाही इतकी अरुंद फट ठेवलेली असते. फाटक जसे सापडले तसे सोडायचे: बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे.

वेळ काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम अजून वापरतात. मेट्रिक मापांत तो असा: दर 5 किमीला एक तास, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. विश्रांती वेगळी. 12 किमीची वाट आणि एकूण 300 मीटर चढ असेल, तर 2.4 अधिक 0.5, म्हणजे 2 तास 54 मिनिटे.

स्वाध्याय: तुमच्या गावाजवळच्या एखाद्या टेकडीसाठी समोच्च रेषांच्या नकाशावरून अंतर आणि चढ मोजा, नेस्मिथच्या नियमाने वेळ काढा आणि प्रत्यक्ष चालून फरक लिहून ठेवा. वाट कोणाच्या जमिनीतून जाते आणि गावाच्या नकाशात ती दाखवली आहे का, हेही तपासा.